भारहीनतेची जमिनीवरील परीक्षा

उपग्रह कक्षेत कोठे आहे हा एक प्रश्न, आणि तेथे असताना त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हा त्याहून अगदी वेगळा प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर प्रक्षेपक यान एकदाच देऊन मोकळे होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र उपग्रहाला स्वतःच, आयुष्यभर आणि क्षणोक्षणी द्यावे लागते, कारण कॅमेऱ्याचे भिंग जमिनीकडे, सौरपट सूर्याकडे आणि अँटेना भूकेंद्राकडे वळलेला नसेल तर अचूक कक्षेत पोहोचलेला उपग्रहही निरुपयोगी ठरतो. उपग्रहाच्या या दिशास्थितीला अभिमुखता म्हणतात. ती मोजणारी साधने म्हणजे संवेदक, आणि ती बदलण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी प्रत्यक्ष जोर लावणारी साधने म्हणजे अ‍ॅक्चुएटर. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या दुसऱ्या गटापुरता, आणि त्यातही छोट्या उपग्रहांसाठी तयार होणाऱ्या नव्या अ‍ॅक्चुएटरांच्या चाचण्यांपुरता मर्यादित आहे. विषय लहान वाटला तरी त्यात एक मूलभूत अडचण दडलेली आहे: जे यंत्र वजनच नसलेल्या जगात काम करणार आहे, त्याची पारख वजनाच्या जगात करावी लागते.

छोट्या उपग्रहांचे सध्याचे युग १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकमधील जॉर्डी पुइग-सुआरी यांनी मांडलेल्या क्यूबसॅट या मापापासून सुरू झाले. दहा सेंटिमीटर बाजूचा घन हे त्याचे एकक. असे एक, तीन किंवा सहा घन जोडून उपग्रह बांधायचा, आणि पहिले क्यूबसॅट ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून कक्षेत गेले. महाराष्ट्रात या परंपरेची दोन ठळक फळे २०१६ मध्ये दिसली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, किलोभरही न भरणारा ‘स्वयम्’ २२ जून रोजी पीएसएलव्ही-सी३४ या यानातून गेला, तर मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा, सुमारे दहा किलोंचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. ‘स्वयम्’ची अभिमुखता सांभाळण्याची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी होती, कारण तीत एकही मोटर नव्हती आणि विजेचा एक कणही खर्च होत नव्हता: उपग्रहात बसवलेला कायमचुंबक होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतो, आणि सोबतच्या हिस्टेरेसिस दांड्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र उलटसुलट झाले की ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणाऱ्या मऊ चुंबकीय धातूच्या कांड्या, उपग्रहाचे डोलणे हळूहळू शांत करतात. अशा निष्क्रिय पद्धतीलाही चाचणीतून सुटका नसते, कारण या कांड्यांचे शमनगुण धातूवर केलेल्या उष्णतासंस्कारानुसार आणि कांडीच्या लांबी-जाडीच्या प्रमाणानुसार पुष्कळ बदलतात, त्यामुळे पुस्तकातील आकडा प्रत्यक्षातल्या कांडीला लागू पडेलच असे नाही.

अधिक नेमकेपणा हवा असेल तर रिअ‍ॅक्शन व्हील वापरावे लागते. हे एक जड कडेचे चाक असून ते विजेच्या मोटरीने फिरवले जाते. कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेमुळे, म्हणजे बाहेरून पीळ बसला नाही तर एकूण फिरकीचे प्रमाण कायम राहते या नियमामुळे, चाक एका बाजूला वेग घेते तेव्हा उपग्रह उलट बाजूला वळतो. क्यूबसॅटमध्ये बसणाऱ्या एखाद्या चाकाची क्षमता दर मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाला १० मिलिन्यूटन-मीटर-सेकंद इतका कोनीय संवेग आणि १ मिलिन्यूटन-मीटर इतका पीळ अशी धरली, तर चार किलोंचा, तीन घनांचा उपग्रह त्या चाकाच्या बळावर आपल्या आडव्या अक्षाभोवती सेकंदाला सुमारे १७ अंशांपर्यंत वेग घेऊ शकतो. एवढेसे चाक एवढे काम करते, ही या यंत्राची मोहिनी आहे.

परंतु चाक फिरकी निर्माणही करत नाही आणि नष्टही करत नाही. ते ती फक्त साठवते. विरळ वातावरणाचा रेटा, सूर्यप्रकाशाचा दाब आणि उपग्रहातील तारांमुळे तयार होणारे नकोसे चुंबकत्व यांचा एकत्रित पीळ पाचशे किलोमीटर उंचीवर साधारण एक कोटीअंश ते एक दशलक्षांश न्यूटन-मीटर असतो. यातला लहान आकडा घेतला आणि तो सतत एकाच दिशेने लागतो असे मानले, तर वर सांगितलेले चाक सुमारे अठरा प्रदक्षिणांत, म्हणजे सव्वा दिवसाच्या आतबाहेर, आपल्या कमाल वेगाला पोहोचते आणि त्यापुढे त्या दिशेने काहीच करू शकत नाही. हा साठा रिकामा करण्याचे काम मॅग्नेटॉर्कर करतात: वीज सोडली की चुंबक बनणाऱ्या या गुंडाळ्या पृथ्वीच्या क्षेत्रावर रेलून उपग्रहाला पीळ देतात. त्यांची मर्यादा अशी की क्षेत्राच्या दिशेच्या अक्षाभोवती त्यांना कधीच पीळ देता येत नाही, आणि दिलेला पीळही फार तर काही दशलक्षांश न्यूटन-मीटर इतकाच असतो. म्हणून चाक आणि गुंडाळी ही जोडी एकमेकांच्या उणिवा भरून काढते, आणि चाचणीही जोडीचीच करावी लागते.

आता अडचणीचे खरे स्वरूप पाहता येईल. चाक उपग्रहाला कसे वळवते हे पाहायचे तर उपग्रह मोकळा असला पाहिजे, आणि जमिनीवर मोकळेपणाच्या सर्वांत जवळ नेणारे साधन म्हणजे गोलाकार एअर बेअरिंग. त्यात तुळतुळीत घासलेला अर्धगोल तशाच घडवलेल्या खोबणीत बसवतात, खोबणीतील बारीक छिद्रांतून दाबाखालची हवा सोडतात, आणि काही मायक्रॉन जाडीच्या त्या हवेच्या थरावर अर्धगोल व त्याच्यावरचा मंच जवळजवळ घर्षणाविना तरंगतो. मंचावर चाके, बॅटरी, संवेदक आणि संगणक असतात; माहिती बिनतारी पाठवतात, कारण लोंबणारी एक वायरसुद्धा मंचाला पीळ देते. घर्षण असे जवळपास संपते, परंतु वजन संपत नाही. मंचाचा गुरुत्वमध्य बेअरिंगच्या केंद्राशी तंतोतंत जुळलेला नसेल तर मंच लंबकासारखा झुलू लागतो. दहा किलोंच्या मंचाचा गुरुत्वमध्य केवळ दहा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या लहानशा अंशाइतका बाजूला सरकलेला असला, तरी गुरुत्वाकर्षणाचा पीळ सुमारे एक मिलिन्यूटन-मीटर होतो; चाकाची सगळी ताकद तेवढ्यातच खर्ची पडते. कक्षेतील उपद्रवी पिळाच्या पातळीपर्यंत खाली यायचे तर हे अंतर दहा नॅनोमीटर किंवा त्याहून कमी असावे लागेल.

म्हणून अशा मंचावर मोटरीने सरकणारी लहान वजने बसवतात आणि मंचाच्या झुलण्यावरून गुरुत्वमध्य कोठे आहे हे ताडून संगणक ती वजने सरकवत राहतो. तरीही खोलीतले वातावरण आपला हात दाखवतेच. अ‍ॅल्युमिनियमची दहा सेंटिमीटरची भुजा एका अंश सेल्सिअसने तापली की सुमारे २.३ मायक्रॉन लांबते; ही वाढ मंचाच्या एकाच बाजूला झाली, जसे बॅटरीच्या शेजारी होते, तर सकाळी साधलेला तोल दुपारी राहत नाही. एअर कंडिशनर बंद करणे, पंखे थांबवणे, दार उघडू न देणे, मंच तापमानाला स्थिरावेपर्यंत तासन्‌तास थांबणे, हे सारे प्रयोगाचेच भाग आहेत, आणि प्रकाशित झालेल्या सुबक आलेखात यांपैकी काहीच दिसत नाही. एअर बेअरिंगवर नियंत्रणाची आज्ञावली पारखता येते, चाके बरोबर दिशेने फिरतात की नाही हे कळते, चिन्हाची चूक, म्हणजे अधिकच्या जागी उणे पडल्याने उपग्रहाचे भलतीकडे वळणे, पकडता येते. हा शेवटचा लाभ क्षुल्लक मानू नये. कक्षेत गेल्यावर ती एक चूक संपूर्ण मोहीम बुडवू शकते. मात्र कक्षेतील सूक्ष्म स्थिरतेचा अंदाज अशा मंचावरून बांधताना उरलेल्या असंतुलनाचा आकडा सोबत छापणे आवश्यक आहे. तो नसलेला अहवाल अपुरा समजावा.

मॅग्नेटॉर्करच्या चाचणीत वजनाची जागा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र घेते. प्रयोगशाळेतले क्षेत्र एकाच दिशेला स्थिर असते, महाराष्ट्रात त्याचे मान चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास भरते, तर कक्षेतील उपग्रहाला ते दीड तासाच्या प्रदक्षिणेत सतत फिरताना आणि कमीजास्त होताना जाणवते. हे बदलते क्षेत्र उभे करण्यासाठी हेल्महोल्ट्झ पिंजरा वापरतात: तीन परस्परलंब दिशांना तारेच्या चौकटींच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीतील अंतर चौकटीच्या बाजूच्या ०.५४४५ पट, कारण त्याच अंतराला मधल्या भागातील क्षेत्र सर्वाधिक एकसारखे होते. विद्युतप्रवाह संगणकाने बदलला की स्थानिक क्षेत्र रद्द होऊन पिंजऱ्यात कक्षेतले क्षेत्र अवतरते. परंतु पिंजरा कोठे उभारायचा याला फार महत्त्व आहे. लोखंडी कपाट, इमारतीच्या खांबातील सळया, शेजारची लिफ्ट, खाली येऊन थांबलेली मोटार, यांपैकी प्रत्येक गोष्ट क्षेत्र बिघडवते. या बाबतीत मुंबईजवळच एक शतकाहून जुना धडा उभा आहे. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून भूचुंबकीय नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांनी नोंदी दूषित होतील हे ओळखून वेधशाळेचे तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, तेथील इमारत चुंबकत्व नसलेल्या सामग्रीने बांधवून घेतली, आणि १९०४ पासून काही काळ दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी चालू ठेवल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेशी बिनचूक जोडता यावी. उपकरण बदलताना जुन्याची आणि नव्याची समांतर नोंद ठेवण्याची ही शिस्त अ‍ॅक्चुएटरच्या चाचणीला जशीच्या तशी लागू आहे.

यापुढील परीक्षा अधिक कठोर, पण समजायला सोप्या आहेत. प्रक्षेपणातील धक्के सोसण्यासाठी चाक कंपनमंचावर चढवतात. नासाच्या सर्वसाधारण प्रमाणकानुसार लहान घटकाच्या पात्रता चाचणीत यादृच्छिक कंपनाची एकूण पातळी गुरुत्वत्वरणाच्या १४.१ पट असते आणि ती प्रत्येक अक्षात दोन मिनिटे लावली जाते. चाक त्यातून धडधाकट बाहेर आलेले दिसते, फिरतेही. पण आतील बेअरिंगच्या पोलादी गोळ्यांनी आपल्या धावेवर सूक्ष्म खळगे पाडलेले असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बेअरिंग उघडून पाहणे म्हणजे ते वाया घालवणे. अशा वेळी उपयोगी पडते ती एक अत्यंत साधी कसोटी: चाक ठरावीक वेगाला नेऊन मोटर बंद करायची आणि ते थांबेपर्यंत त्याच्या वेगाची घट नोंदवत राहायचे. या उतरत्या रेषेत बेअरिंगचे सगळे आरोग्य उमटते. वेग जास्त असताना घट प्रामुख्याने वंगणाच्या चिकटपणावर आणि, कक्ष निर्वात नसेल तर, हवेच्या विरोधावर अवलंबून असते. वेग अगदी कमी झाला की गोळी व धाव यांच्यामधला तेलाचा पापुद्रा तुटतो, धातूला धातू लागतो, आणि रेषा शेवटच्या टप्प्यात एकाएकी खाली कोसळते. वंगण थंडीत घट्ट होते म्हणून उणे २० अंशांवरची रेषा ६० अंशांवरच्या रेषेहून निराळी येते. कंपनापूर्वीची आणि कंपनानंतरची रेषा एकमेकींवर ठेवली, की खळगे पडले की नाहीत हे बेअरिंग न उघडता कळते. एवढ्या स्वस्त कसोटीची नोंद पुष्कळ छोट्या प्रकल्पांत एकदाच घेतली जाते ही खेदाची बाब आहे, कारण तिचे मोल तुलनेत आहे आणि तुलनेला किमान दोन रेषा लागतात.

चाकाचा दुसरा दोष असमतोलाचा. कडेच्या वस्तुमानात तसूभर फरक असला तरी प्रत्येक फेरीला एक हिसका बसतो, आणि त्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की हिसका चौपट. ग्रॅम-मिलिमीटरच्या एक दशांशाइतका असमतोल ६,००० फेऱ्यांना सुमारे ०.०४ न्यूटनचे फिरते बल देतो, आणि दुर्बीण बसवलेल्या उपग्रहात एवढ्याने चित्र पुसट होऊ शकते.

या सर्व परीक्षांतून उत्तीर्ण झालेली चाके कक्षेत गेल्यावर निकामी झाली, आणि तीही एका-दोन मोहिमांत नव्हे. १९९९ मध्ये सुटलेल्या फ्यूज या अतिनील दुर्बिणीची दोन चाके २००१ च्या अखेरीस थांबली. जपानच्या हायाबुसा यानाची तीनपैकी दोन चाके २००५ मध्ये गेली. ग्रहशोधक केप्लर दुर्बिणीचे एक चाक जुलै २०१२ मध्ये आणि दुसरे मे २०१३ मध्ये बंद पडले, त्यानंतर उरलेल्या दोन चाकांना सूर्यप्रकाशाच्या दाबाची जोड देऊन तिची के-२ ही नवी मोहीम आखावी लागली. वंगण, जुळणी, गोळ्यांची प्रत यांवर वर्षानुवर्षे संशय घेतला गेला. २०१७ मध्ये बिल बियाल्के आणि त्यांच्या सहकाऱ्याने अनेक मोहिमांतील नोंदी एकत्र करून वेगळेच स्पष्टीकरण मांडले: घर्षणातील अचानक उसळ्यांच्या वेळा सूर्यावरून आलेल्या भारित कणांच्या लोटांशी आणि भूचुंबकीय वादळांशी जुळत होत्या. त्यांच्या मांडणीनुसार अशा वेळी उपग्रहाच्या भागांवर असमान विद्युतभार साचतो, तेलाच्या पातळ पापुद्र्यातून पोलादी गोळी व धाव यांच्यात ठिणगी पडते, पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डा होतो आणि घर्षण वाढते. वीज न वाहणाऱ्या सिरॅमिक गोळ्यांच्या चाकांत मात्र हा प्रकार आढळला नाही. योगायोग असा की ज्ञात इतिहासातील सर्वांत प्रखर भूचुंबकीय वादळांपैकी एक, सप्टेंबर १८५९ मधले, कुलाब्याच्या त्याच वेधशाळेत नोंदले गेले होते. चाकांच्या या बिघाडांतून निघणारा निष्कर्ष चाचणीशास्त्राच्या दृष्टीने फार मोठा आहे. निर्वात, थंडी, उष्णता आणि कंपन यांची परीक्षा झाली होती, पण फिरत्या बेअरिंगवर विद्युतभाराची परीक्षा कोणाच्या यादीतच नव्हती. आणि कारण सापडले तेही नव्या यंत्रामुळे नव्हे, तर निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या अपयशाच्या म्हणून जपलेल्या नोंदी एका टेबलावर आल्या तेव्हा.

बेअरिंगच नको, असा विचार यातून बळावणे स्वाभाविक होते. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाने १४ जुलै २०१७ रोजी सोडलेल्या, सुमारे वीस किलोंच्या टेक्नोसॅट उपग्रहात घन चाकाला पर्याय म्हणून द्रवधातूची कडी बसवली होती. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा, साध्या तापमानाला द्रव असणारा मिश्रधातू वर्तुळाकार नळीत भरायचा, त्यातून आडवा विद्युतप्रवाह सोडायचा आणि त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावायचे, की विद्युतचुंबकीय बलाने द्रव वाहू लागतो व उपग्रह उलट वळतो. झिजणारा भाग एकही नाही. परंतु प्रत्येक नवे साधन जुन्या चाचण्यांपैकी काही निरर्थक करते आणि काही नव्या मागते: येथे कंपनानंतर गोळ्यांची काळजी उरत नाही, पण द्रव कोणत्याही भागात गोठू नये, नळीचा धातू गॅलियमने पोखरला जाऊ नये, नळीत बुडबुडा राहू नये, हे तपासावे लागते, आणि बुडबुडा जमिनीवर वर तरंगतो तर भारहीनतेत कोठेही राहू शकतो, म्हणून ही तपासणी जमिनीवर पूर्ण होत नाही. टोकियोच्या तंत्रविज्ञान संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या हिबारीने आणखी वेगळा मार्ग धरला. त्याचे चार सौरपट मोटरीने हलतात आणि त्या हालचालीच्या प्रतिक्रियेने उपग्रह वळतो. त्याआधी २०१० मध्ये जपानच्याच इकारोस या सौरशिडाने कडेला लावलेल्या द्रवस्फटिक पट्ट्यांची चमक बदलून केवळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने आपली दिशा बदलून दाखवली होती. असा पीळ इतका क्षीण असतो की एअर बेअरिंगवर त्याची चाचणी घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मग भारहीनता कोठून आणायची? परवलयाकार मार्गाने उडणाऱ्या विमानात ती एका खेपेस वीस-बावीस सेकंद मिळते, ब्रेमेनच्या पतन-मनोऱ्यात साध्या पतनाला पावणेपाच सेकंदांच्या आत संपते; द्रवधातूच्या कडीतील बुडबुडा पाहण्यास तेवढे पुरेल, उपग्रहाची स्थिरता पाहण्यास नाही. भारतीय संशोधकांसाठी याला अलीकडे एक चांगला पर्याय उभा राहिला आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच उरतो. त्यालाच सौरपट आणि स्वतःची नियंत्रणव्यवस्था देऊन प्रयोगांचा मंच करायची इस्रोची पोएम ही योजना ३० जून २०२२ रोजी पीएसएलव्ही-सी५३ पासून सुरू झाली, आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या चौथ्या पोएमवर चोवीस प्रयोग होते. विद्यार्थ्यांच्या गटाला स्वतंत्र उपग्रह, त्याची वीज आणि संदेशवहन यांचा भार न उचलता आपले एकच यंत्र कक्षेत नेता येते, हे या योजनेचे खरे औदार्य आहे.

तरीही अ‍ॅक्चुएटरच्या बाबतीत तिच्या दोन मर्यादा आधीच ओळखून प्रयोग आखावा लागतो. पहिली अशी की मंच शेकडो किलोंचा आहे. क्यूबसॅटच्या चाकाने त्याला वळवणे तर सोडाच, त्याचा परिणाम मंचाच्या संवेदकांना जाणवणारही नाही, त्यामुळे चाक उपग्रहाला वळवते का या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत नाही. दुसरी मर्यादा काळाची: १ जानेवारी २०२४ रोजी गेलेला तिसरा पोएम सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर ठेवला होता आणि २१ मार्चला वातावरणात परत येऊन संपला, तर चौथा एप्रिल २०२५ च्या आरंभी संपला. कक्षेत कचरा राहू नये म्हणून हे योग्यच आहे, पण बेअरिंगचे खरे दुखणे अनेकदा वर्षांनी उमटते. या मर्यादांत जे मिळते ते मात्र अनमोल आहे: भारहीनतेत वंगण धावेवर कसे पसरते, चाकाच्या मोटरीला किती प्रवाह लागतो, तापमानाच्या प्रत्येक फेऱ्यात घर्षण कसे हलते. त्यासाठी मोठी माहिती खाली पाठवावी लागत नाही. दर काही दिवसांनी चाक एका वेगाला नेऊन मोटर बंद करावी, वेगाच्या घटीची शे-दोनशे मापे तापमानासह पाठवावीत, आणि ती कार्यशाळेत, कंपनमंचाच्या आधी व नंतर, तसेच निर्वात कक्षात घेतलेल्या रेषांशेजारी ठेवावीत. जुळे चाक जमिनीवर निर्वात कक्षात त्याच वेगाने, त्याच विश्रांतीच्या क्रमाने चालू ठेवले तर वजनाने घडणारा फरक आणि काळाने घडणारा फरक वेगळे काढता येतात. आणि कक्षेतला मंच जळून गेल्यावरही जमिनीवरचे चाक थांबवण्याचे कारण नसते, ते पुढची तीन-चार वर्षे फिरते ठेवून त्याची रेषा दर महिन्याला घेता येते. अशा नोंदी, बिघाडाच्या असल्या तरी, सर्वांना पाहता येतील अशा स्वरूपात ठेवण्याचे काम पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांना आजही हाती घेता येण्याजोगे आहे. त्यासाठी लागतो तो एक निर्वात कक्ष, एक चाक आणि विद्यार्थ्यांची तुकडी बदलली तरी खंड न पडणारी वही.